पडायला मी होते

“क्षिप्रा, तू पडतेयस की विमानातून उतरतेयस?”

धर्मराज सरांचा आवाज समाजमंदिराच्या हॉलमध्ये घुमला आणि भिंतीला टेकून बसलेली बारकी पोरं खिदळली. मी मॅटवर उताणी. वर छताचा पंखा गरगरतोय. शेजारी नमिताताई एका गुडघ्यावर, माझी बाही अजून तिच्या मुठीत, आणि चेहरा असा, की पाहुण्यांच्या घरची काचेची बरणी हिच्या हातून सुटलीय.

“लागलं का गं?” तिने हळूच विचारलं.

“नाही ना लागलं! तोच तर प्रॉब्लेम आहे!” सर कमरेवर हात ठेवून आमच्या डोक्याशी येऊन उभे राहिले. “नमिता, तू हिला फेकत नाहीयेस. झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवतात तशी ठेवतेयस. आणि ही बया,” म्हणजे मी, “तू ओढायच्या आधीच हवेत! दोघींची सेटिंग आहे नुसती. परीक्षक काय डोळे मिटून बसणारेत?”

“सर, मी तिला मदत करत होते,” मी पडल्यापडल्या म्हणाले.

“मदत नको करूस. पड.”

पड म्हणणं सोपं आहे हो. मला फेकता येतं. शाळेतल्या कुणालाही विचारा. गेल्याच महिन्यात आंतरशालेय स्पर्धेत मी सुवर्णपदक आणलं, प्रार्थनेच्या वेळी माइकवरून माझं नाव घेतलं, आणि ज्या मुली मला सातवीपर्यंत ‘कोण ती?’ म्हणायच्या त्या आता मधल्या सुट्टीत माझ्यासाठी बाकावर जागा धरतात. पण पडणं? ते काम आमच्या क्लासमध्ये कायम नमिताताईचं होतं.

ज्युदोत दोघं लागतात, एक फेकणारा आणि एक पडणारा. पडणाऱ्याला उके म्हणतात. कौतुक सगळं फेकणाऱ्याचं होतं. आणि जुईनगरच्या आमच्या क्लासमध्ये उके म्हणजे नमिता मढवी, मुक्काम शिरवणे गाव. दिवसभर ती न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटवर असते. ट्रक आत आला की कंटेनरचा नंबर जुळवायचा, सील शाबूत आहे का बघायचं, आणि घाई करणाऱ्या ड्रायव्हरला थांबवायचं. संध्याकाळी थेट स्कूटीवरून क्लासला. डोक्यावरचं हेल्मेट काढलं की खाली घट्ट अंबाडा, अंगाला डिझेल आणि धुळीचा वास, आणि बॅगेत धुऊन धुऊन मऊ झालेला ज्युदोचा ड्रेस. तिचा ब्राउन बेल्ट इतका जुना आहे, की त्याला ब्राउन म्हणणं हा निव्वळ चांगुलपणा.

पण तिचं पडणं! देवाशपथ सांगते, ते एकदा बघितलं की माणूस बघतच राहतो. तिचं अंग हवेत वळतं, पाठ मॅटला टेकायच्या क्षणी तिचा मोकळा हात मॅटवर आपटतो आणि टाळीसारखा एकच खणखणीत आवाज होतो. फट्! आणि दुसऱ्या क्षणी ती उभी, बाही नीट करत, “परत.”

सातवीत आईने मला क्लासला आणलं ते मी पाठीत वाकून चालायचे म्हणून. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायचे नाही मी. पहिले कित्येक आठवडे मी नमिताताईला धरून ओढत होते आणि ती भिंतीसारखी उभी. “नाय. परत.” “कोपर वर. परत.” मी रडकुंडीला आले. एकदा तर मी चिडून म्हणाले, “पड ना गं एकदा, काय बिघडतं?”

“खोटी पडले तर तुला खोटंच येईल बाय,” ती म्हणाली. “परत.”

आणि मग एका संध्याकाळी काय झालं कुणास ठाऊक, माझा पाय बरोबर जागी गेला, कंबर बरोबर वळली, आणि माझ्याहून दुप्पट वयाची बाई माझ्या डोक्यावरून गेली. फट्! तो आवाज मी केला होता! मी! दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला मी हात वर केला. उत्तर चुकलं, पण हात वर होता.

असं तिने किती जणांना केलंय. सरांच्या घरी भिंतीवर त्यांच्या ब्लॅक बेल्ट विद्यार्थ्यांचे फोटो आहेत. कुणी पुण्याला गेलं, कुणी कॅनडाला, एक जण तर पोलिसात आहे. सगळे परीक्षेला जाताना नमिताताईला घेऊन गेले, तिला फेकून ब्लॅक बेल्ट झाले आणि फोटोला एकटे उभे राहिले. एका फोटोच्या कोपऱ्यात तिचा पाय आलाय. तेवढाच.

तर झालं असं. सर मे महिन्यात कायमचे नागपूरला मुलाकडे जाणार. त्याआधीच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला नावं पाठवायची होती. क्लास सुटल्यावर सरांनी विचारलं, “यंदा कोण?” आमच्यात कुणी तेवढं तयार नव्हतं. नमिताताई मॅट उचलून स्टेजमागे रचत होती. तिकडूनच म्हणाली,

“सर, माझं टाका.”

“टाकतो की. कुणाची उके म्हणून?”

“उके नाय सर. माझंच.”

सरांनी हातातला मोबाइल खिशात ठेवला. मग ते तिथेच, उरलेल्या एका मॅटवर, मांडी घालून बसले. “अरे देवा,” म्हणाले. “नमिता, मी तुला कधी विचारलंच नाही गं.”

“मी पन कदी बोल्ली नाय,” ती म्हणाली आणि त्यांच्या बुडाखालची मॅट ओढायला थांबून राहिली.

आता प्रश्न असा की नमिताताईसाठी पडणार कोण? परीक्षेत काता दाखवावा लागतो. काता म्हणजे ठरलेले थ्रो, ठरलेल्या क्रमाने, उजवीकडून आणि डावीकडून, आणि त्यासाठी आपला उके आपणच न्यायचा. ज्यांच्यासाठी ती पडली होती ते सगळे पांगले होते. सरांची नजर आमच्यावरून फिरत फिरत माझ्यावर थांबली. वजन जुळत होतं.

“मी?” मी म्हणाले. “पडायला?”

“बघ बाय, जमलं तर,” नमिताताई म्हणाली. “नायतर राहू दे.”

त्या ‘राहू दे’मध्ये एवढीशीही तक्रार नव्हती. म्हणूनच माझ्या तोंडातून “जमणार म्हणजे काय, जमलंच!” असं निघून गेलं. माझं तोंड हल्ली माझ्या पुढे धावतं.

आणि मग कळलं, पडणं हा किती भयंकर प्रकार आहे! आधी मी लाकडाच्या फळीसारखी पडायचे आणि दात वाजायचे. नमिताताईने मला बसून पडायला शिकवलं, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. “हनुवटी आत. डोळे पट्ट्याकडे. जमिनीला घाबरू नको, तिला तू आधी मार.” हात आपटून आपटून माझा तळवा लाल व्हायचा. शाळेत वही धरता येईना. मैत्रिणींना वाटलं मला बाईंनी छड्या मारल्या, मी पण दोन दिवस तसंच वाटू दिलं.

पडायला लागले एकदाची. पण नवीनच भानगड उभी राहिली, जी सरांनी त्या दिवशी पकडली. नमिताताई फेकतच नव्हती. ती मला उचलायची, वळायची, सगळं अगदी पुस्तकात असावं तसं, आणि शेवटच्या क्षणी हात सैल सोडून मला अलगद ठेवायची. आणि ती बिचारी म्हणून मी आधीच उडी मारायचे. आमचा काता म्हणजे दोन अतिशय सभ्य माणसं दारात ‘आधी तुम्ही’ करतायत, तसा दिसत होता.

रविवारी सकाळी सरावाला मी शिरवण्याला नमिताताईच्या घरी गेले. चार मजली घर, वरचे मजले भाड्याने, आणि सगळ्यात वर गच्ची. गच्चीत अर्ध्या भागात जुन्या साड्यांवर जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, वाळत घातलेला. उरलेल्या अर्ध्यात आम्ही गाद्या टाकल्या. जवळ्याची राखण करायला नमिताताईच्या सासूबाई, सखूआजी, हातात काठी घेऊन स्टुलावर बसलेल्या. कावळ्याला एक डोळा, आम्हाला एक.

“काय गो, पोरगी हलदीची नवरी हाय का?” त्यांनी थोड्या वेळाने विचारलं. “अशी अलगद काय ठेवतंस?”

“आई, तुमी जवला बघा.”

“जवला बघूनच बोलतंय मी. जवला पन कोन इतका हलू पसरत नाय.”

मला हसू आवरेना. आजींना तेवढंच पाहिजे होतं. काठी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, “पोरी, तू शालेत जातंस, सांग मना. काला पट्टा भेटला का हिचा पगार वारल?”

“नाही आजी.”

“यार्डान साहेब करतील?”

“नाही.”

“मग कनाला पायजे?”

मी नमिताताईकडे बघितलं. मला वाटलं ती आत्मविश्वास, महिला, पुढची पिढी असं काहीतरी म्हणेल, आमच्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत म्हणतात तसं.

“काय नाय,” ती म्हणाली. “पायजे.”

आजींनी एक कावळा हाकलला. “पायजे तर घे,” म्हणाल्या. “पन असा नाय भेटाचा.”

आजी खाली पाणी प्यायला गेल्यावर मी गादीवर बसले आणि सरळ विचारलंच. “ताई, तू मला का सांभाळतेस? मी फुटणार नाहीये.”

ती तिचा अंबाडा सोडून परत बांधायला लागली. “तुला कोनी फेकलं, की तू खाली जातेस,” ती म्हणाली. “मी कोनाला फेकते ना, तवा मना म्हाईत असतं खाली काय हाय. कुठचा खांदा पहिला लागनार, श्वास कसा अडकनार. तू हवेत असतेस आनि माझीच पाठ धरते. मग हात सुटतो.”

एवढी वर्षं दुसऱ्यांसाठी पडून पडून पाठीचं सगळं दुखणं तिच्या हातांनाच कळायला लागलं होतं, असं काहीतरी मला वाटलं, पण ते मी म्हणाले नाही. म्हणाले ते भलतंच. “माझी पाठ माझी आहे हां! तू नको तिची काळजी करू. मला पडायला तूच शिकवलंयस, आता तुझाच भरवसा नाही का?”

ती हसली. पण त्या दिवशीही तिने मला ठेवलंच.

परीक्षा वाशीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सगळीकडून लोक आलेले, पनवेल, ठाणे, कल्याण. परीक्षकांच्या टेबलामागे तिघं बसलेले, मधोमध आखूड पांढऱ्या केसांच्या एक मॅडम, ज्यांच्याशी बोलताना आमचे सरसुद्धा हात मागे बांधत होते. सखूआजी पण आल्या होत्या. “घरी कोण आहे मग जवळ्याला?” मी विचारलं तर म्हणाल्या, “नमिताचा नवरा बसलाय काठी घेऊन.” नऊवारी सावरून त्या पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्यामागे सर. सर खुर्चीवर बसतच नव्हते.

“नमिता मढवी!”

आम्ही आत गेलो. टेबलाला नमस्कार. एकमेकींना नमस्कार. मी चालत तिच्यासमोर गेले, तिची कॉलर धरली, बाही धरली.

पहिल्या थ्रोत उके पुढे ढकलत येते. फेकणारीने मागे मागे सरकायचं आणि मग एका गुडघ्यावर बसून तिला खाली ओढायचं. मी पाऊल पुढे टाकलं.

नमिताताईनेही पुढे टाकलं!

धाड्कन आमची डोकी आपटली. तिच्या पायांनी हा काता इतकी वर्षं दुसऱ्याच बाजूने केलेला, पडणारीच्या बाजूने. तेच पाय चालायला लागले. आणि माझे हात? माझ्या हातांना फेकायचंच तेवढं माहीत. समोरून कुणी अंगावर आलं की ते मला विचारत नाहीत. त्यांनी तिला खाली ओढलं, आणि नमिताताई माझ्या बाजूने हवेत गेली आणि पडली.

फट्!

काय पडली! सगळ्या हॉलने मान वळवून बघावं असं ती पडली. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसण्याची लाटच आली.

“गो नमिता!” सखूआजींचा आवाज सगळ्यांच्या वर. “परीक्षा तुजी हाय का तिची?”

“मीही तेच विचारणार होते,” पांढऱ्या केसांच्या मॅडम म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. उजवीकडच्या परीक्षकांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅडमनी नमिताताईकडे बघितलं, ती मॅटवर उठून ड्रेस नीट करत होती, मान खाली. “पुन्हा सुरुवातीपासून,” मॅडम म्हणाल्या. “एकदाच. बाजूला जाऊन पाणी प्या आणि या.”

आम्ही कोपऱ्यात गेलो. सरांनी बाटली दिली आणि काही न बोलता लांब जाऊन उभे राहिले, त्याबद्दल मी त्यांना आयुष्यभर मानेन. नमिताताईने बाटली उघडली, पण प्यायलीच नाही.

“माज्याशी नाय होनार बाय,” ती म्हणाली. “माझ्या अंगात पडनंच हाय. चल, घरी जाऊ.”

मी नववीत आहे. मला अजून गणितात काठावर मार्क पडतात. पण त्या क्षणी मला एक गोष्ट इतकी स्वच्छ दिसली की मी जवळजवळ ओरडलेच. इतके दिवस मी चुकीची मदत करत होते! मी तिच्यासाठी पडत होते, पण तिच्यावर चालून कधी गेलेच नव्हते. मी नुसती पाहुण्यासारखी यायचे, उडी मारायचे. मला फेकायची गरजच तिला कधी पडली नव्हती. आणि ती स्वतः माझ्याशी अशी वागली होती का? ती भिंत झाली होती माझ्यासाठी!

“ताई, ऐक,” मी तिची कॉलर धरली, तिथेच, पाण्याच्या बाटलीसकट. “मी आता तुझी पार्टनर नाही. मी तुला मागे लोटणार. पूर्ण जोर लावून. आणि दुसऱ्या थ्रोला जी मूठ मारायची असते ना डोक्यावर, ती मी खरी मारणार. थांबवणार नाही. तू नाही फेकलंस तर तुझं डोकं फुटेल, आणि मग आजी मला काठीने मारतील.”

“खरी मारशील?”

“आईशप्पथ.”

तिने माझ्याकडे बघितलं. थट्टा नाही हे तिला कळलं. इतकी वर्षं लोकांची शरीरं हातात धरून तिला खरं-खोटं लगेच कळतं.

“लागेल तुला,” ती म्हणाली.

“लागू दे की! मी कशाला आलेय मग?”

तिने बाटलीचं झाकण लावलं. सावकाश, पूर्ण फिरवून. “चल,” म्हणाली.

पुन्हा नमस्कार. पुन्हा समोरासमोर. मी कॉलर धरली आणि ढकललं. सरावातल्यासारखं नाही; आमच्या सोसायटीतली बंद पडलेली गाडी ढकलतात ना, तसं सगळं अंग घालून. ती मागे सरकली नसती तर आम्ही दोघी टेबलावर गेलो असतो! ती सरकली. तिला सरकावंच लागलं. एक पाऊल, दुसरं, आणि तिसऱ्याला ती खाली बसली आणि माझ्या पायाखालची जमीन गेली.

हवेत असताना मला कळलं, हा हात सैल सुटलेला नाही.

फट्!

सगळा हॉल उलटासुलटा दिसला आणि पाठीतून विजेसारखं काहीतरी गेलं. भारी लागलं! मी उठले तेव्हा मला हसू येत होतं आणि ते दाबताना माझे गाल दुखत होते. डावीकडून परत तेच. ढकललं, सरकली, बसली, फट्!

मग मूठ. मी दोन पावलं मागे गेले. हात वर नेला. तिच्या डोक्याच्या मधोमध, जिथे केसांचा भांग पडतो, तिथे बघितलं, आणि मारली. खरी. तिच्या डोळ्यांत मला तेव्हा जे दिसलं ते मी कधी बघितलं नव्हतं. ट्रक अंगावर आणणाऱ्या ड्रायव्हरकडे ती अशीच बघत असेल. माझा हात पोचायच्या आत ती आत शिरली होती, हात तिच्या खांद्यावर, माझं पोट तिच्या पाठीवर, आणि मग मी तिच्यावरून गेले. अख्खी. तिने मला आपटलं! नमिताताईने! मला! अलगद नाही, हळू नाही, जवळ्यासारखं तर मुळीच नाही. माझ्या हाताचा मॅटवर असा आवाज झाला की मागच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं.

“आता कशी!” सखूआजी ओरडल्या. कुणीतरी त्यांना गप्प केलं. त्या नाही झाल्या.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. छत, मॅट, छत, मॅट. मी उठत होते आणि तिच्यावर जात होते, ती फेकत होती आणि मी उठत होते. मध्येच कधीतरी मला तिच्या पुढच्या हालचाली आधीच कळायला लागल्या, तरी मी आधी उडी मारली नाही. थांबले. शेवटच्या टोकापर्यंत माझ्या पायांवर उभी राहिले, आणि तिने नेलं तेव्हाच गेले. सुवर्णपदक मिळालं त्या दिवशी मी खूप खूश होते. पण हे काहीतरी वेगळंच होतं. दोघींनी मिळून एक वजनदार वस्तू हवेत धरली होती, आणि एकीनेही सोडली असती तर ती फुटली असती. आम्ही सोडली नाही.

शेवटचा नमस्कार झाला. मला धाप लागलेली, नमिताताईचा अंबाडा सुटून पाठीवर आलेला. परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं, जास्त वेळ नाही. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

“नमिता मढवी, पास,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून विचारलं, “इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?”

“इथेच होते मॅडम,” नमिताताई म्हणाली. “खाली मॅटवर.”

कुणी टाळी वाजवायला सुरुवात केली मला माहीत नाही. सर असतील. सर रडत होते आणि टाळ्या वाजवत होते, दोन्ही एकदम करताना माणूस फार विचित्र दिसतो. मी तर मॅटवर उड्याच मारल्या. सखूआजींनी सुनेच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि मग माझ्याही गालांवरून. “पोरगी कशी पडली बघ,” त्या शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, “अशी पडाला नशीब लागतं.”

आम्ही कडेला येऊन बसलो तेव्हा माझ्याच वयाची किंवा थोडी मोठी एक मुलगी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल झालेले. “ताई, मी सोनम. दिघ्याहून आलेय,” ती म्हणाली. “माझी पार्टनर सराव करताना पडली, पाय मुरगळलाय तिचा. थोड्या वेळाने माझा नंबर आहे. तुम्ही माझ्यासाठी पडाल का? मगाशी तुम्ही चुकून पडलात ना, तसं पडणारं इथं दुसरं कुणीच नाहीये.”

नमिताताईचा हात आपोआप पट्ट्याच्या गाठीवर गेला. ती अर्धी उठलीसुद्धा. मी तिच्याकडे बघत होते. सर बघत होते. ती तशीच, एक गुडघा वर, थांबली. आणि मग परत खाली बसली.

“मी आज नाय,” ती म्हणाली. “हिला घेऊन जा. माझी पार्टनर हाय ती. ढकलायला लागली तर घाबरू नको, चांगली ढकलते.”

माझी पाठ ठणकत होती, तळवा पेटला होता, पोटात सकाळपासून एक इडली होती. मी अशी उठले की जणू माझं नाव माइकवरून घेतलंय.

सोनमच्या समोर उभं राहून मी नमस्कार केला. तिने माझी कॉलर धरली. मी तिची धरली. मॅटच्या कडेला नमिताताई भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब पसरलेले, केस मोकळे, आजींनी हातात दिलेला चहा गार होत चाललेला. तिने एक घोट घेतला, कप बाजूला ठेवला, आणि कुणीतरी दुसरं पडताना बघायला निवांत मागे रेलली.